सर्जेरावची खुंटी

“पण गदा कुठं आहेत, वस्ताद?”

शलाकाला वाटलं होतं, एवढी नावाजलेली तालीम म्हणजे भिंतभर चांदीच्या गदा असतील, फेटे बांधलेल्या पैलवानांचे फोटो असतील, दारातच माणूस दबून जाईल. प्रत्यक्षात होतं ते पत्र्याचं छप्पर, तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात एक फावडं आणि भिंतीत ओळीनं ठोकलेल्या लाकडी खुंट्या.

“ज्यानं जिंकल्या त्याच्या घरी,” इलाही वस्ताद म्हणाले. “हितं काय करायच्यात?”

शलाका सात वर्षं परदेशात व्हिडिओ गेम बनवायला शिकली होती. आता आपल्या मातीतला गेम आपल्या माणसांत बसून करायचा, या जिद्दीनं ती गावी परतली होती. तिच्या गेममधला पैलवान गावोगावची मैदानं गाजवायला निघतो आणि दर कुस्तीनंतर एकाच जागी परततो. त्या जागेला ती तळ म्हणायची.

तळावर तिचा फार जीव. लहानपणी खेळलेल्या गेममधल्या लढाया ती केव्हाच विसरली होती. पण लढाई संपल्यावर जिथं परत यायचं ती शेकोटी, ती जहाजातली अरुंद खोली, रोज तोच प्रश्न विचारणारा तो लोहार... ते सगळं तिला आपल्या गल्लीइतकं पाठ होतं.

म्हणून तिनं आपल्या पैलवानालाही तळ दिला. चाळीस दालनांचा. आणि लोकांना खेळायला दिला, तर एकही जण तिथं दहा सेकंदांवर थांबेना. आले की निघाले. गेममधल्या तिच्या भागीदारांनी शेवटचा निरोप धाडला होता : तळ काढून टाक, त्या जागी मैदानांची साधी यादी दे. उद्या सकाळपर्यंत कळव.

“यादी म्हणजे घर नव्हे,” ती वस्तादांना तावातावानं सांगत होती. “माझा तळ बरोबरच आहे. लोकांना कळत नाहीये. तुम्हीच बघा.”

तिनं लॅपटॉप कट्ट्यावर उघडला. वस्तादांनी चष्मा लावला. दालनांमागून दालनं सरकली.

“झकास. कुणाचं घर हाय?”

“खेळणाऱ्याचं.”

“झाडतंय कोण?”

“झाडावं लागत नाही! सगळं तयार असतं. मशाली आपोआप पेटतात, जिंकलेली गदा आपोआप भिंतीवर चढते.”

“मग त्यानं काय करायचं?”

“काहीच नाही.” तिनं अभिमानानं मान उंचावली.

वस्ताद हसले. “मग पावणा झाला की गं तो. च्या पिऊन जाणारच.”

शलाकाला ते झोंबलं. “चाळीस दालनं आहेत, वस्ताद. तुमच्याकडे एक खड्डा आहे.”

“व्हय. एकच हाय.”

ती फणकाऱ्यानं उठली आणि खांद्यावरची बॅग रिकाम्या खुंटीला अडकवायला गेली.

“तिथं नगं. पलीकडं अडकव.”

“रिकामीच आहे की ही.”

“सर्ज्याची हाय. कुस्तीला गेलाय.”

“कधी येतील?”

“अकरा वर्सं झाली.”

ती हसली. वस्ताद हसले नाहीत.

“आमच्यात एक रीत हाय, पोरी. मैदानावरनं आला की आधी हौदा उकरायचा. मग सांगायचं, मारली का हरली. त्याआधी कुणी इचारायचं न्हाई. सर्ज्या हरला, आन् तोंड न दाखवता परस्पर गोव्याला गेला. टँकर चालवतोय म्हणं.”

“मग खुंटी द्या ना दुसऱ्या कुणाला.”

“कशी देऊ? त्याची कुस्ती अजून संपली कुठं?”

गावची यात्रा उद्यावर आली होती. बाहेरगावी गेलेली माणसं दिवसभर गावात उतरत होती. ऊन कलतं झालं, तेव्हा तालमीच्या दारात एक माणूस येऊन थांबला. पोट सुटलेलं, मिशा पिकलेल्या. उंबऱ्याबाहेर तो बराच वेळ उभा राहिला...

वस्तादांनी पाहिलं.

माणूस आत आला. सदरा काढला. भिंतीकडं न बघता हात मागं नेला आणि सदरा त्या रिकाम्या खुंटीवर गेला.

बोटभर माती कपाळाला लावून त्यानं फावडं उचललं.

हौदा उकरायला त्याला अर्धा तास लागला. दोनदा दम खायला थांबला. लॅपटॉपचा पडदा काळा झाला, तरी शलाकाचं तिकडं लक्ष नव्हतं. माती भुसभुशीत झाली तेव्हाच वस्तादांनी तोंड उघडलं.

“काय झालं रं?”

“हरलो, वस्ताद.”

“कितव्या मिन्टाला?”

“तिसऱ्या.”

“डावा पाय उचलला असशील.”

“...व्हय.”

“सांगितलं हुतं तुला.”

सर्जेराव खो खो हसला. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि सगळं तोंड तांबडं करून घेतलं.

तो चहाला गेल्यावर शलाकानं हळूच विचारलं, “वस्ताद, मग माझं चुकलं कुठं?”

वस्तादांनी फावड्याची माती पुसली, ते कोपऱ्यात ठेवलं आणि दिवा लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. सकाळची वेळ तालमीत मुलींची असायची. त्या अजून यायच्या होत्या. वस्ताद कट्ट्यावर बसले होते. रात्री यात्रेसाठी उतरलेल्या पैलवानांनी हौदा तुडवून पार दगड केला होता.

“ठरलं, वस्ताद. भागीदारांना कळवून आले. तळ राहणार. पटत नसेल तर मी एकटी करीन, असंही सांगितलं. चाळीस दालनं पाडली.”

“बरं. मग उरलं काय?”

“एक हौदा. एक फावडं. आणि ज्याच्या त्याच्या नावाची खुंटी.”

ती शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

वस्तादांनी तिच्याकडं पाहिलं. मग हौद्याकडं पाहिलं...

“मग हुबी का? पोरी यायच्या झाल्या. उकर.”