कडी कोणत्या बाजूला?

पिंजऱ्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. एका राजाच्या प्राणीबागेत एक बडबड्या पिंजरा रिकामा पडला होता. "रानातून कुणालातरी धरून आणतो," असं शिपाई म्हणाले, तेव्हा तो फणकारला, "धरून आणलेला पाहुणा कसला? मी रीतसर बोलावणार!"

निरोप ऐकून साळूबाई साळिंदर जागा बघायला आल्या. त्यांचा पाय अधू झाला होता, रानात निभाव लागत नव्हता. त्यांनी पाणी पाहिलं, ऊन पाहिलं, शेजारी कोण तेही विचारलं.

"सगळं झकास आहे हो, पिंजरेदादा. पण कडी बाहेरून का?"

"चोरांच्या भीतीनं," पिंजरा ऐटीत म्हणाला.

"मग ती आतून नको का?"

पिंजऱ्याला ते लगेच पटलं. त्यानं लोहाराला गळ घालून कडी आतून बसवून घेतली. मग साळूबाई राहायला आल्या आणि त्यांनी स्वतःच ती लावली.

नवा प्राणी बघायला महाराज आले आणि थेट दार ढकलू लागले.

"जरा दमानं, महाराज," पिंजरा म्हणाला. "आधी दार वाजवा. बाई हो म्हणाल्या तर आत या."

महाराजांनी मुकुट सावरला आणि हळूच दार वाजवलं.