सावली कातणारी आवडूआय

फार फार वर्षांपूर्वी, जिथे सह्याद्रीचा डोंगर उतरून उतरून थकतो आणि पाय पसरून बसतो, तिथे हुंबरवणे नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. तेव्हा त्याच्या दोन वाड्या होत्या, उगवतीला टेंबवाडी आणि मावळतीला पाणंदवाडी. दोघींच्या मधोमध काळा, उघडा कातळ होता. हा कातळ इतका सपाट की त्यावर सांडलेलं ताक कुठं जावं ते कळत नसल्यासारखं जागच्या जागी थरथरत राहायचं. कातळाच्या वरच्या टोकाला एक झरा होता. त्याचं पाणी कातळावर पसरायचं, थोडं इकडे उतरायचं, थोडं तिकडे, आणि दोन्ही वाड्यांची भातं पिकायची. कुणी कधी मोजलं नाही, कुणी कधी विचारलं नाही.

टेंबवाडीत धाकू कातारी राहायचा. लाकूड कातून तो पोळपाट, लाटणी, पाळण्याचे खांब, लहान मुलांचे भोवरे करायचा. त्याची बायको आवडू. ती पाणंदवाडीची लेक, कातळ ओलांडून टेंबवाडीला सून म्हणून आली होती. माहेरी गेली की बायका म्हणायच्या, टेंबवाडीची आली. सासरी काही चुकलं की म्हणायच्या, पाणंदवाडीचीच ना ती. एवढं जवळचं माहेर, पण तिला सगळ्यांत लांब वाटायचा तो मधला कातळच.

धाकूचा लाकूड कातायचा चरक जुन्या पद्धतीचा होता. एका आडव्या रुळाला दोरीचे वेढे घातलेले. दोरीची दोन टोकं दोन हातांत धरून आवडू समोर बसायची. एक टोक ओढायचं, दुसरं सैल सोडायचं; मग दुसरं ओढायचं, पहिलं सोडायचं. रूळ फिरायचा, त्याच्या टोकाला धरलेलं लाकूड फिरायचं, आणि धाकू त्यावर पटाशी टेकवायचा. वर्षानुवर्षं आवडूनं दोरी ओढली. दोरी ओढणाऱ्याच्या हातांना काम असतं, डोळ्यांना नसतं. म्हणून ती फिरत्या लाकडाकडे बघत बसायची.

आणि तिला दिसलं ते धाकूला कधी दिसलं नाही. लाकूड जिथे पुरतं गोल नसतं, तिथे ते फिरताना त्याच्याभोवती एक पुसट सावली फिरते. आत घट्ट लाकूड दिसतं आणि बाहेर धुक्यासारखं काहीतरी. उंचवटा जेवढा, धुकं तेवढं. पटाशीनं उंचवटा गेला की धुकंही जातं. आवडूला ते धुकं बघता बघता गुंगी यायची. पहाटे माहेरच्या ओढ्यावर असंच धुकं असायचं, असं तिला वाटायचं.

एका वर्षी झरा आटत आला. करंगळीएवढी धार उरली. तेवढं पाणी दोन वाड्यांना पुरणार नव्हतं. कुणी सांजवेळी कातळावर चिखलाचा बांध घालून धार टेंबवाडीकडे वळवायचं, सकाळी कुणी तो बांध मोडून ती पाणंदवाडीकडे वळवायचं. टेंबवाडीचे म्हणायचे, कातळाचा उतार मुळातच आमच्याकडे आहे. पाणंदवाडीचेही तेच म्हणायचे. एक दिवस बांधावर कोयते निघाले. पाणंदवाडीच्या एका तरण्या माणसाचा हात कोपरापासून निकामी झाला. मग मात्र दोन्हीकडचे लोक स्वतःलाच भ्याले आणि देवीकडे कौल लावायला गेले.

गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलं लावली. उजवं पडलं तर टेंबवाडी, डावं पडलं तर पाणंदवाडी. सगळे हात जोडून बसले. ऊन चढलं, ऊन कललं, फुलं सुकली, पण एकही पडलं नाही.

"आई बोलत नाही," गुरव म्हणाला. "ज्याला बाजू नाही त्याच्याकडे जा, असंच तिचं म्हणणं दिसतंय."

बाजू नसलेलं कोण असतं? माणसाला बाजू असते. दगडाला असते, झाडालाही असते. बाजू नाही ती फक्त गोळ्याला. गोळा झऱ्याच्या तोंडाशी ठेवायचा आणि सोडायचा. तो ज्या अंगाला जाईल त्या अंगाला उतार, आणि तिकडे पाणी. टेंबवाडीचा मानकरी बाबल गावकर म्हणाला, "आमचा धाकू करील गोळा."

पाणंदवाडीकडून आवडूचा भाऊ रवळू उठला. "धाकूचा गोळा नको. त्याच्याकडे लोखंडी साचा आहे, तो तुमच्या लोहारानं केलाय. त्या साच्यातून उतरलेला गोळा तुमच्याकडेच लवंडणार."

धाकूकडे तसा साचा होता खरा, अर्ध्या बांगडीसारखा. तो चरकाला बांधायचा, पटाशी त्याच्या कडेकडेनं फिरवायची, की गोळा आपोआप उतरायचा. धाकू सरळ माणूस होता. तो म्हणाला, "साच्याशिवाय माझ्याच्यानं गोळा होणार नाही. केला तर अंडं होईल."

तेव्हा बायकांमधून आवडू बोलली. चारचौघांत ती पहिल्यांदाच बोलत होती. "साच्याशिवाय होतो."

"कसा गो?" गुरवानं विचारलं.

"सावली काढली की झाला."

कुणाला काही कळलं नाही. पण गुरव तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हिला दोन्ही वाड्या आहेत. हीच करू दे. सगळ्यांच्या समोर, कातळावर."

त्या दिवसापासून आवडूच्या वाटेला लोक येऊ लागले. बाबल गावकर अंगणात येऊन पायरीवर टेकला. "अन्न या वाडीचं खातेस," एवढंच म्हणाला आणि उठून गेला. रवळू तिला पाणवठ्यावर भेटला. तो रागानं बोलला नाही, तेच वाईट होतं. "आईचा वाफा बघून ये एकदा," तो म्हणाला. "भेगांत पाय जातो. एका अंगाला जरासं जड ठेवलंस तर कुणाला कळणारे?" आवडू घागर न भरताच घरी आली. धाकूनं पटाशी घेतली आणि दगडावर तिला धार लावत बसला. बराच वेळ लावली.

ठरल्या सकाळी चरक कातळावर आणला. शिवणीचं लाकूड होतं, फिकं, पिवळसर. उगवतीच्या अंगाला टेंबवाडी बसली, मावळतीच्या अंगाला पाणंदवाडी. दोरी कोण ओढणार यावर पुन्हा कुरबुर सुरू झाली. आवडू म्हणाली, "एक टोक ह्यांच्या हातात द्या, एक टोक रवळूच्या."

नवरा एकीकडे बसला, भाऊ दुसरीकडे. आणि दोघांनी दोरी ओढली ती भांडल्यासारखी. एक सोडायला तयार नाही, दुसरा द्यायला तयार नाही. रूळ कण्हला, लाकूड अडखळलं, दोरी करकरली. आवडूनं पटाशी उचलून मांडीवर ठेवली.

"तुमचं संपलं की सांगा," ती म्हणाली. "मी बसते."

ती बसून राहिली. ऊन चढत गेलं. दोन्हीकडची माणसं बघत होती. हळूहळू धाकूनं हात सैल केला, आणि रवळूच्या लक्षात आलं की तो सैल करतो तेव्हाच आपल्याला ओढता येतं. मग रवळूनं सोडलं. एकदा ह्यानं, एकदा त्यानं. रूळ गुणगुणू लागला. असं म्हणतात, की तो आवाज दोन्ही वाड्यांच्या गोठ्यांत ऐकू गेला आणि पाण्यासाठी हंबरणारी गुरं गप्प झाली.

आवडूनं आधी जेवढं जाड तेवढंच लांब असं लाकूड राखलं. मग त्याचे कोपरे उडवले, मग त्या कोपऱ्यांचे कोपरे. लाकूड बारीक बारीक कडांनी गोलाकडे सरकत गेलं. मग तिनं ते काढलं, आडवं केलं, दोन लाकडी वाट्यांमध्ये पुन्हा धरलं आणि म्हणाली, "ओढा."

आणि या वेळी सगळ्यांना दिसलं. फिरत्या लाकडाभोवती सावली उभी राहिली. धुपाच्या वलयासारखी, पाण्यातल्या चंद्राभोवती खळं पडावं तशी. आवडू ती सावली कातत गेली. सावलीला पटाशी लागली की टकटक वाजायचं, आणि घट्ट लाकूड लागलं की आवाज मिटायचा. तिथे ती थांबायची. पुन्हा लाकूड फिरवून धरायचं, पुन्हा नव्या अंगानं सावली उभी राहायची, आधीपेक्षा विरळ. लाकडाच्या किसाची पांढरी फुलं उडून लोकांच्या अंगावर पडत होती. असं म्हणतात, की ज्याच्या अंगावर ती पडली त्याला आपण कुठल्या अंगाला बसलोय याचा विसर पडला.

शेवटी सावली एका कडेला तेवढी उरली. केसाएवढी. ती आवडूशिवाय कुणालाही दिसत नव्हती. तेवढी ठेवली असती तर गोळा मावळतीला झुकला असता, माहेराकडे. पटाशी हवेत थांबली. समोर, पाणंदवाडीच्या माणसांत, तिची म्हातारी आई बसली होती. ओठ सुकलेले, पदर डोक्यावर. आवडू आईकडे बघत राहिली.

"माझ्याकडे काय बघतेस," आई म्हणाली. "लाकडाकडे बघ."

आवडूनं लाकडाकडे पाहिलं आणि पटाशी टेकवली.

असं म्हणतात, की ती शेवटची सावली लाकडावरून सुटली तेव्हा नाहीशी झाली नाही. ती कातळावर उतरली, घटकाभर वाफेसारखी बसली आणि मग डोंगराकडे निघून गेली. म्हणून त्या गोळ्याची सावली उन्हातसुद्धा पडली नाही. आवडूनं त्यावर लाख चढवली नाही, रंग दिला नाही. केवड्याच्या पानानं एकदा पुसला आणि तो गुरवाच्या हातात ठेवला.

गुरवानं गोळा झऱ्याच्या तोंडाशी ठेवला आणि हात काढून घेतला.

गोळा हलला नाही. बाबल गावकरानं टेंबवाडीकडे पाहिलं, रवळूनं पाणंदवाडीकडे. गोळा झोपेत कूस बदलावी तसा जरासा वळला, आणि निघाला. तो उगवतीलाही गेला नाही आणि मावळतीलाही नाही. तो कातळाच्या मधोमध, सरळ खाली, ज्या टोकाला निवडुंग आणि खडक यांच्याशिवाय काही नव्हतं तिकडे चालू लागला. अगदी हळू, म्हातारं माणूस देवळाला निघावं तसा. आणि त्याच्या मागून झऱ्याची करंगळीएवढी धार चालू लागली, गाईमागून वासरू जावं तशी.

दोन्ही वाड्या उठून गोळ्यामागून निघाल्या. गोळा खाचेशी आला की थांबायचा, पाणी खाच भरायचं, गोळा त्यावर तरंगून पुढे जायचा. उन्हं उतरणीला लागली तेव्हा तो कातळाच्या टोकाशी, निवडुंगाच्या जाळीत शिरला. तिथे पानापाचोळ्यानं बुजलेली एक मोठी खळगी होती. त्यात तो गेला आणि दिसेनासा झाला. आतून आवाज आला तो दगडाचा नव्हता. पाण्याचा होता.

आधी धाकू उतरला. मग रवळू उतरला. मग कुणी कुणाची वाट पाहिली नाही. त्यांनी पाचोळा काढला, माती काढली, दिवेलागणीपर्यंत हात थांबले नाहीत. कातळाखालून, ज्याचा कुणाला पत्ता नव्हता असं थंडगार पाणी वर येत होतं. वरून झऱ्याची धार त्याला मिळाली. खळगी भरली, आणि भरून ओसंडली ती दोन्ही अंगांनी. हात निकामी झालेल्या तरण्या माणसाला पहिली ओंजळ पाजली ती बाबल गावकरानं. गोळा मात्र पुन्हा कुणाला सापडला नाही.

आवडू तेव्हा वर कातळावरच बसली होती, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. खाली पाणी लागल्याचं ओरडून सांगायला माणसं धावत आली, तेव्हा म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं. लेक झोपली होती.

त्यानंतर आवडू पुष्कळ वर्षं जगली. धाकू दोरी ओढायचा आणि ती कातायची. लांबलांबच्या गावांची माणसं भांडणं घेऊन यायची. ती निवाडा करायची नाही. दोघांच्या हातांत दोरीची दोन टोकं द्यायची आणि एखादा भोवरा, एखादं लाटणं कातून होईपर्यंत ओढायला लावायची. बहुतेक जण त्यानंतर काय सांगायला आलो होतो तेच विसरायचे. लोक तिला आवडूआय म्हणू लागले. ती नेमकी कधी गेली ते कुणी सांगत नाही. एका धुक्याच्या पहाटे ती कातळावर गेली, आणि धुकं विरलं तेव्हा तिथे फक्त लाकडाच्या किसाची पांढरी फुलं होती, असं म्हणतात.

त्या पाण्याला आजही आवडूआयचा कोंड म्हणतात. उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी खडखडीत होतात, कोंड होत नाही. आणि आजही हुंबरवण्यात एका वाडीची मुलगी दुसऱ्या वाडीत दिली, की तिच्या ओटीत नारळाबरोबर शिवणीचा एक गोळा घालतात. साच्याशिवाय कातलेला, बिनरंगाचा. नवरी घरात येते, माप ओलांडते आणि तो गोळा माजघराच्या जमिनीवर ठेवते. सगळं घर जमून बघत असतं. जमीन कुठलीच अगदी सपाट नसते. गोळा एकीकडे घरंगळू लागतो. तो भिंतीला लागायच्या आत सासू वाकते, आपल्या तळव्यानं त्याला अडवते, आणि तिच्या सासूनं तिला सांगितलेलं तेच सुनेला सांगते:

"आमचं घर थोडं उताराला आहे गो. दोघी मिळून सांभाळू."