पाहुण्याला खाऱ्या तळ्याचं पाणी

हेच ते खारं तळं. नाकाला रुमाल लावा हवं तर, असाच वास मारतो. समुद्र पार घाटाखाली आणि डोंगरमाथ्यावर पाणी खारट!

पूर्वी हे पाणी गोड होतं, असं सांगतात. काठावर ठकूबाई ढेबे राहायची. नवरा गेलेला, पदरी चार म्हशी, दुसरं पाणी थेट दरीत. या तळ्यावरच तिचा सगळा संसार.

तेव्हा संस्थानचे सरकार विलायतेहून आले, ते बर्फावर घसरायचं खूळ डोक्यात घेऊनच. पौषात इथल्या गवतावर दव गोठलेलं पाहिलं, आणि झालं! संस्थानोसंस्थानी आमंत्रणं गेली, आमच्याकडे हिवाळी खेळ. काठची झाडं तोडून मंडप उठले. तळं मात्र गोठेना. पहाटे वर नुसती साय धरायची, ऊन पडलं की तीही गायब. मग दिवाणांना आइस्क्रीमचा संचा आठवला. मीठ घातलं की गारठा वाढतो, एवढंच त्यांनी पाहिलेलं. ते मीठ भांड्याबाहेरच्या बर्फात घालतात, हे बघतोय कोण! बंदरावरून मिठाच्या गाड्या घाट चढल्या.

ठकूबाई गाडीपुढे आडवी पडली. "सरकार, माझ्या म्हशींच्या तोंडचं पाणी आहे हो हे!"

"खेळ झाले की गोड करून देऊ," दिवाण म्हणाले. हसले मेले सगळे.

शी! पोत्यांवर पोती ओतली. तळं गोठणं राहिलं बाजूला, धरायची ती सायही धरेना. पाहुण्यांनी लोखंडी पात्यांचे बूट घालून चिखल तुडवला, कोंबड्या चापल्या, हाडं नि बाटल्या पाण्यात भिरकावल्या. खेळ झकास झाले, असं भाट गात होते. तिकडे ठकूबाईच्या म्हशी ते पाणी पिऊन एकेक करत गेल्या. शेवटची गाभण होती. तिच्या पोटावर हात ठेवून ठकूबाई बसून राहिली, रडूसुद्धा येईना तिला.

निघताना सरकारांना तहान लागली. ठकूबाईने तळ्याचा तांब्या भरून पुढे केला. त्यांनी घोट घेतला आणि तिच्याच पायावर थुंकले. ती जागची हलली नाही म्हणे. "करा ना आता गोड," एवढंच बोलली. त्या दिवसापासून सरकारांच्या तोंडची चव गेली. दूध खारट, श्रीखंड खारट, मरेपर्यंत.

आजही माळावर कुणी महोत्सव भरवायला आला, की आम्ही चहा विचारत नाही. या तळ्याचा तांब्या पुढे करतो. आधी हे प्या, मग बोला. मागच्या पौषात एक साहेब आले, यंत्राने बर्फ पाडणार होते. त्यांनी तांब्या हातात धरून फोटो काढून घेतला आणि पाणी परत तळ्यात ओतलं. आजवर प्यायला एकही नाही. आमच्या बायका मात्र हंडे घेऊन अजून दरी उतरतात.