मिठाच्या वाटेवरचे घडे

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. राज्याच्या टोकाला वाळवंट, आणि त्यातून जाणारी मिठाच्या तांड्यांची जुनी वाट. वाटेवर तीन विहिरी. तांडेवाल्यांची रीत अशी, की पाणी गोडं असेल तर काठावरचा घडा उभा ठेवायचा, विषारी असेल तर पालथा. राजाला ही रीत ठाऊक कुठली! शिकारीला गेला असता त्याने पालथा घडा पाहिला, "केवढा हा अपशकुन!" म्हणत स्वतःच्या हातांनी उभा केला आणि पुढे निघून गेला. मागून आलेला अख्खा तांडा ते पाणी पिऊन मेला.

त्या तांड्यात एका मांत्रिकाचा मुलगा होता. मांत्रिकाने शाप दिला आणि राजकन्या कुंतला पायांपासून वाळूची होऊ लागली. त्याने धाडलेला चंडोल पक्षी राजाला म्हणाला, "तू उभ्या केलेल्या घड्याने अख्खा तांडा मारला. तिन्ही घडे आता लवंडले आहेत. एकटा नीघ, पाणी स्वतः चाख, गोडं असेल तर घडा उभा ठेव, विषारी असेल तर पालथा. वाळू गळ्यावर चढली की मुलगी गेली."

राजा घोड्यावर निघाला. चंडोल खोगिरावर बसून खबर देऊ लागला. "गुडघे गेले." राजाने टाच मारली. पहिल्या विहिरीच्या पाण्याने जिभेची आग झाली. तो थुंकला, घडा पालथा घातला. "कंबर गेली." दुसरीचं पाणी त्याहून जहाल. तोही घडा पालथा झाला.

तिसऱ्या विहिरीवर त्याने ओंजळ तोंडाला लावली आणि तो हादरला. जीभ पार मेली होती. गोडं की विषारी, काही कळेना. तेवढ्यात मागून एक तांडा आला. माणसांचे ओठ फुटलेले, उंटांच्या माना खाली.

"महाराज, घडा आडवा का?" तांड्याच्या नायकाने, सोमलाने विचारलं. "पाणी कसं हाय?"

चंडोल कुजबुजला, "महालात तुझं पाणी आधी सेवक चाखतो. यांना पिऊ दे. जगले तर घडा उभा कर."

राजाला मोह झाला, खोटं कशाला सांगा! पण मेलेला तांडा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. "नायक, कुणी शिवू नका," तो म्हणाला आणि स्वतः पोटभर प्याला.

मग तो काठावर बसून राहिला. विष चढायला वेळ लागतो. तांड्यातली पोरं पाण्यासाठी रडत होती. "खांदे गेले," चंडोल म्हणाला. राजाचे हात कापत होते. भीतीने की विषाने, त्याचं त्यालाच कळेना. घोड्याची सावली लांबली. पोटात कळ नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही.

"राजा, वाळू गळ्याशी आली!"

राजाने घडा उभा केला. "प्या रे बाबांनो," म्हणताना त्याला हुंदका फुटला.

चंडोल खोगिरावरून उडून घड्याच्या काठावर बसला. मग म्हणाला, "तुझी मुलगी उठून बसली. तुला हाका मारते आहे."

राजाने लगाम धरला, पण रिकिबीत पाय घातला नाही. तांड्यातला शेवटचा उंट पाणी प्याला, तेव्हाच तो मुलीकडे निघाला. त्याला जशी त्याची लेक मिळाली, तशी वाटेकडे डोळे लावून बसलेल्या साऱ्यांना आपापली माणसं मिळोत.