झोपेची राखण

एकदा एक गुळाचा व्यापारी झोपेचं गाऱ्हाणं घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. त्र्यंबक त्याचं नाव. घरात कशाला कमी नव्हतं, पण बाजाराच्या काळजीने डोळ्याला डोळा लागत नसे, म्हणून त्याने मनगटावर एक पट्टा बांधला होता. तो रात्रभर हृदयाचे ठोके मोजी आणि सकाळी झोपेला गुण देई. एके दिवशी पट्ट्याने कळवलं, खोलीत आवाज फार आहे. आवाज कसला, तर पत्नीच्या बांगड्यांचा आणि तिच्या खोकल्याचा. त्र्यंबकाने तिचं अंथरूण पलीकडच्या खोलीत हलवलं. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला, दुसरं काय!

"गुण वाढले, गुरुजी," तो म्हणाला. "पण पहाटे जाग येते, हात आपसूक शेजारी जातो आणि गादी गार लागते. मग इतकं भरून येतं की पट्टाच थरथरतो आणि सांगतो, दीर्घ श्वास घ्या."

"आणि ती काय म्हणते?"

"काही नाही. बांगड्या तेवढ्या काढून ठेवल्यात तिने."

जेवणं झाल्यावर त्र्यंबकाने वामकुक्षीसाठी आतली अंधारी खोली मागितली. गुरुजींनी त्याला ओसरीवरच चटई घालून दिली, आणि स्वतः सूप घेऊन त्याच्या उशाशीच तांदूळ पाखडायला बसले. मधूनच खाकरत, मधूनच पुटपुटत. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाच्या कानाशी कुणी तांदूळ पाखडतं का? पण गुरुजींना गप्प बसा कसं म्हणायचं? बिचारा मुकाट्याने कुशीवर वळला.

जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती. गुरुजी अजून तिथेच बसले होते. त्र्यंबकाने सवयीने मनगटाकडे पाहिलं.

"पट्टा म्हणतो, आवाज फार होता. झोप नीट झाली नाही."

"तू काय म्हणतोस?"

"असा कधी झोपलो होतो, आठवत नाही," तो हळूच म्हणाला.

गुरुजींनी सूप खाली ठेवलं. "बाबा रे, नुसत्या शांततेने झोप येत नसते. आपलं कुणी जवळ आहे, या भरवशावर माणूस डोळे मिटतो. पाळण्यातलं पोरसुद्धा आईच्या कामाची खुडबुड ऐकत झोपतं, आणि ती थांबली की दचकून उठतं. तुझा पट्टाही रात्रभर जागतो, खोटं कशाला बोलू? पण तो मोजत बसतो, राखण करत नाही. त्याने ज्याला आवाज म्हटलं, ती तुझी सोबत होती."

त्या संध्याकाळी त्र्यंबकाने पत्नीचं अंथरूण स्वतः उचलून आणलं आणि आपल्या शेजारी घातलं. ती दारातच थबकली.

"माझा खोकला अजून गेलेला नाही हं," ती म्हणाली. "तुमच्या पट्ट्याला चालेल का?"

"त्याला पलीकडच्या खोलीत झोपवलंय," त्र्यंबक म्हणाला.

ती कपाटापाशी गेली आणि एकेक करून बांगड्या हातात चढवू लागली.