बैल बसला, धनी जुंपला

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या अख्ख्या गावात तेलाचा घाणा एकच होता. घाणा चालवणारा तेली मोठा कष्टाळू. इतका, की कष्टांचं त्याला व्यसनच लागलं होतं म्हणा ना. साऱ्या गावाची डोकी त्याच्या तेलाने थंड होत, त्याचं स्वतःचं डोकं मात्र बारमाही कोरडं. टाचांना भेगा, डोळे तांबारलेले आणि तोंडी एकच पालुपद, "दिवाळी तोंडावर आलीय."

आश्विन लागला. पाऊस परतला आणि ऊन चटके देऊ लागलं. पावसाळाभर राबलेलं गाव आता दुपारी ओट्यावर जरा टेकू लागलं. तेली मात्र चांद्या बैलाला जुंपून पहाटेपासून तेल काढत होता. तेल निवळेपर्यंतही त्याला दम नसे. गढूळच मडक्यांत भरून तो घरोघर पोचवी.

तेलीण रोज म्हणे, "अहो, या, बसा घडीभर. डोक्याला तेल घालते."

"दिवाळीत घाल."

"गेल्या दिवाळीतही हेच म्हणाला होतात."

तेली हसून उठून जाई.

खंडेनवमी आली. गावाची रीत अशी, की त्या दिवशी सगळी अवजारं धुऊन पुजायची आणि दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तेलिणीने घाणा धुतला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. चांद्याच्या डोळ्यांवरची झापडं सोडली, त्याच्या शिंगांना तेल चोळलं, पुढ्यात पेंड ठेवली आणि ती देवीच्या देवळात गेली.

तेल्याचं लक्ष तिळाच्या पोत्यांवर. रिकामं बसणं ही त्याला शिक्षाच वाटे. विचार करता करता त्याला पळवाट सापडली. 'बैल जुंपायचा नाही, कबूल. पण माणूस जुंपू नये, असं कुणी सांगितलंय? आणि घाण्याला हात लावायचा नाही ना? जू मानेवर घेतलं तर हात लागतोच कुठे?' स्वतःला फसवायला हुशार माणसाला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

त्याने जू मानेवर घेतलं आणि तो घाण्याभोवती फिरू लागला. चांद्या पेंड खाता खाता थांबला आणि बघतच राहिला. थोड्या वेळाने तेल्याला गरगरू लागलं. तेव्हा तरी थांबावं की नाही? पण बैलाला चक्कर येऊ नये म्हणून बांधतात ती झापडं या पठ्ठ्याने उचलली आणि स्वतःच्याच डोळ्यांवर बांधली. ऊन माथ्यावर आलं. घशाला कोरड पडली, पाय लटपटले आणि तो तिथेच कोसळला.

तेलीण परतली तेव्हा चांद्या धन्यावर सावली धरून उभा होता. खाली तेली, मानेवर जू, डोळ्यांवर झापडं. ती धावत आली. तिने जू बाजूला सारलं, झापडं सोडली, तोंडावर पाणी मारलं. त्याने डोळे उघडले तेव्हा ती रडत होती.

"पोती तशीच राहिलीत," तो पुटपुटला.

"राहू देत. बैल बाजारात मिळतो. घाणा सुतार नवा करून देतो. तुम्हाला काही झालं तर मी कुठल्या बाजारात जाऊ?"

तेली कोपरावर टेकून उठू लागला. "पण गावाची दिवाळी? लोक वाट बघत असतील गं."

"लोकांना मी सांगते. कोजागिरीपर्यंत घाणा बंद. तुम्ही बसणार की नाही, तेवढं बोला."

तेल्याने एकदा पोत्यांकडे पाहिलं, एकदा तिच्या तोंडाकडे. "बसतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला माणसं आली. तेलिणीने भीत भीतच सांगितलं, "यंदा तेल जरा उशिरा मिळेल."

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, सावकाश दे. तुझा नवरा सारखा मडकं घेऊन दारात उभा. नको म्हटलं तर हिरमुसतो, म्हणून घेत होते. माझ्याकडची मागची मडकी अजून भरलेलीच आहेत. घाई आम्हाला नव्हतीच बाई, त्यालाच होती."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

आत खाटेवर पडलेल्या तेल्याने हे सगळं ऐकलं. आधी तो ओशाळला. मग छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं त्याला हलकं वाटलं आणि हसूच आलं. तेलीण वाटी घेऊन आली. कालपासून कुणी न हलवलेलं तेल चांगलं निवळलं होतं. तिने ते त्याच्या टाळूवर थापलं. तिची बोटं केसांतून फिरत राहिली आणि तो असा झोपला, की सकाळी चांद्याच्या घुंगरांनीच जागा झाला.

कोजागिरीनंतर घाणा पुन्हा सुरू झाला, पण दुपारी बैलही बसे आणि धनीही. दिवाळीला गावात तेल कुणालाच कमी पडलं नाही, आणि या वेळी ते निवळलेलं होतं, म्हणून कुणी नाकही मुरडलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला तेलिणीने घाणा पुजला, जू पुजलं, चांद्याला ओवाळलं आणि ती तबक उचलून निघाली. तेवढ्यात तेली आपणहून पाटावर येऊन बसला आणि त्याने आपलं डोकं पुढे केलं.

"माझं राहिलं," तो म्हणाला.

तात्पर्य: अवजारांची पूजा करताना ती चालवणाऱ्यालाही पाट मांडावा, आणि मानेवरचं जू कोसळण्याआधीच उतरवावं.