काचेबाहेरचं ऊन

“...आणि बाहेर काढल्यावर रोपं मेली तर?” विरूपाक्षने विचारलं.

“तर मेली,” सुमेरगिरी महाराज म्हणाले.



मठाच्या मागे विरूपाक्षने उभारलेली काचेची खोली होती. आत रानकापरीची रोपं; तिच्या उग्र वासाच्या पानांचा काढा धापेवर देत. गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला आणि डोंगरमाथ्यावरच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, सगळी रानकापरी जळून गेली. कातळाच्या फटीत चिमूटभर बी तेवढं वाचलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकून मठात आलेल्या विरूपाक्षने ते रुजवलं, तळहाताच्या फोडासारखं जपलं. ही गेली की सगळंच संपलं.

पाऊस नुकताच उघडला होता. कातळावर ओल होती, तोवरच रोपं सड्यावर जायला हवी होती.

महाराजांनी एक पान खुडलं, चुरडलं आणि त्याच्या नाकाशी धरलं.

कसलाच वास नव्हता.

“वाडीतल्या कोंडाबाईला याच पानांचा काढा दिला,” महाराज म्हणाले. “तिची धाप तसूभरही कमी झाली नाही. काल परत गेलो, तर भिंतीला टेकून नुसती बसलेली. आडवं झालं की श्वास कोंडतो... आत ऊन कमी पडतं का रे?”

“ऊन भरपूर येतं. पण त्यातले न दिसणारे किरण असतात ना, अतिनील, ते काच अडवते. ते लागल्याशिवाय पानात औषधी अर्क नीट उतरत नाही.”

“म्हणजे तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे म्हणूनच भितो, महाराज. त्याच किरणांनी कोवळं पान भाजतं.”

महाराजांनी खोलीचं दार सताड उघडलं.

दुसऱ्या दिवशी विरूपाक्षने रोपं बाहेर मांडली. आधी फक्त कोवळ्या उन्हात, मग हळूहळू दुपारपर्यंत. आश्विनातलं ते ऊन, त्यात डोंगरमाथा. पानं फिकी पडली. कडा करपून वळल्या. एका दुपारी तीन रोपं माना टाकून पडलेली दिसली.

डोळे मिटले की वणव्यातला काळा सडा दिसे.

शेवटी त्याने खोलीच्या काचा उचकटून आणल्या आणि विटा रचून रोपांवर आडव्या टाकल्या. महाराजांनी पाहिलं.



आठवडा गेला. काचेखालची रोपं पुन्हा हिरवीगार, लुसलुशीत झाली. विरूपाक्ष पाणी घालत होता, तेवढ्यात महाराजांनी हाक मारली.

“हे कुणाचं?”

कुंपणाच्या कोपऱ्यात एक कुंडी राहून गेली होती. तिच्यासाठी काच पुरली नव्हती. रोप बुटकं. जुनी पानं करपून गळालेली. नवी मात्र लहान, जाड, वरून जांभळी. विरूपाक्षने भीत भीत बोट लावलं.

वास थेट मस्तकात गेला. कापरासारखा, त्याहून कडवट.

“हा रंग कसला?” महाराजांनी विचारलं.

“ऊन... उन्हापासून वाचायला रोप तो तयार करतं.” त्याने पानावरून पुन्हा बोट फिरवलं. “भ्यालंय ते.”

“काचा काढ.”

“ही शेवटची आहेत, महाराज!”

“हो.”

त्याने एक काच उचलली. दुसरी उचलली. तिसरी हातातून निसटली आणि दगडावर आपटून फुटली. सगळ्या निघाल्या, आणि मग तो तिथेच रोपांपुढे उभा राहिला. ऊन पाठीवर घेत.



“विरूपाक्षा, तुझी सावली काढ.”

घामाने अंगातली बंडी भिजली. एकदाचा तो बाजूला सरला आणि त्याने डोळे गच्च मिटले.

त्यानंतर आणखी काही रोपं गेली. प्रत्येक रोप त्याने स्वतःच्या हातांनी उपटलं. उरलेल्यांची पानं एकेक करून जांभळी पडत गेली. त्यातली मूठभर महाराज वाडीत घेऊन गेले. दोन दिवसांनी कोंडाबाईची सून सांगत आली, “म्हातारी आडवी होऊन झोपली जी. आम्हीच घाबरलो, हलवून बघितलं.”

ओल सरायच्या आत दोघं रोपं घेऊन सड्यावर चढले. वर झाड नाही, आडोसा नाही. नजर जाईल तिथवर उघडा कातळ आणि डोळे दिपवणारं आभाळ.

विरूपाक्षने पहिलं रोप फटीतल्या मातीत बसवलं.

“महाराज,” तो हलकेच म्हणाला, “एवढं सगळं पाहिलं. तरी भीती जात नाही.”

महाराजांनी रोपाभोवतीची माती दाबली.

“त्याची तरी कुठं गेलीय?”